सासूबाईंची मुरगळ

"एवढ्याशा मुरगळीला इतका मोठा दिवा कशाला," सासूबाई डोळे मिटूनच पुटपुटल्या. "पाय राहील बाजूला, डोळेच जायचे."

हे त्यांनी कोणाला ऐकवायला म्हटलं नव्हतं. पण सूनबाईंचा कान त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. कॅज्युअल्टीतल्या त्या अरुंद खाटेला कठडा होता, कठड्याला सलाईनची नळी अडकवलेली होती, बसायच्या स्टुलावर नवऱ्यानं पिशव्या रचल्या होत्या आणि उरलेल्या फटीत सूनबाई कमरेत वाकून उभ्या होत्या. एरवी त्यांनी लगेच सुनावलं असतं, की आई, दिवा तुमच्या डोळ्यांवर नाहीच आहे, तुम्हीच मान तिकडे केलीय. आज त्या म्हणाल्या, "हो ना आई, फारच मोठा आहे," आणि दिव्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. मग सिस्टर आली, तिनं ते परत होतं तसं केलं, आणि नातेवाइकांनी इथल्या वस्तूंना हात लावू नये असं सूनबाईंकडे न बघता भिंतीला सांगून गेली.

आता खरी गोष्ट अशी, की ती मुरगळ नव्हती. सासूबाईंचं मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. हे हाडांच्या डॉक्टरांना माहीत होतं, सिस्टरला माहीत होतं, ढकलगाडी आणणाऱ्या वॉर्डबॉयला माहीत होतं, आणि पडद्यापलीकडच्या खाटेवर जे पोटदुखीवाले गृहस्थ कण्हत होते त्यांनाही एव्हाना कळलं असावं. ज्यांचं हाड होतं त्यांनाच तेवढं माहीत नव्हतं. आणि ते त्यांना कळू नये याची व्यवस्था सूनबाईंनी जातीनं केली होती.

पडण्यातही सूनबाईंचा हात होताच. न्हाणीघराच्या दारातलं पायपुसणं त्यांनीच आणलेलं. अजिबात न सरकणारं, खाली रबर लावलेलं, दुकानदारानं त्यावर उभं राहून दाखवलेलं. आणि दुकानदार खोटं बोलला असं कोणाला म्हणता येणार नाही. सकाळी सासूबाईंचा अंगठा त्याच्या कडेत अडकला, तेव्हा पायपुसणं तसूभरही सरकलं नाही. सरकल्या त्या सासूबाई.

त्या खाली पडल्या पडल्या "काय झालं गं" असं म्हणाल्या, आणि सूनबाईंच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "काही नाही आई, मुरगळलाय."

वास्तविक सूनबाईंना बघताक्षणी समजलं होतं. पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलं होतं. वैद्यकशास्त्र त्या घरबसल्या शिकल्या होत्या. मासिकांतली आरोग्याची पानं, औषधांच्या खोक्यांतली बारीक अक्षरातली घडी आणि आपल्याच माणसांची आजारपणं एवढ्या सामग्रीवर. इमारतीतली माणसं रक्ताचे रिपोर्ट आधी त्यांना दाखवत आणि मग डॉक्टरांना. त्यांना सगळे 'अर्धी डॉक्टर' म्हणत. हे कौतुक आहे असं सूनबाईंनी ठरवून टाकलं होतं.

मग एवढं समजत असताना मुरगळ कशाला? तर त्याला कारण सासरे. काही वर्षांपूर्वी त्यांचाही खुबाच मोडला होता. ऑपरेशन करू का नको, आज का पुढच्या आठवड्यात, याला विचारू, त्याला विचारू, यात घरातल्यांनी बरेच दिवस घालवले. दुखण्यापायी त्यांना कुशीवर वळता येईना, छाती कफानं भरली, आणि घरातून खाटेवरून हॉस्पिटलात गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून त्या घरात मोडणं हे क्रियापदच बंद झालं होतं. खुर्चीचा पाय मोडला तरी नवरा म्हणायचा, "पाय निघालाय जरा." मग सासूबाईंना कोण सांगणार?

सूनबाईंचा हिशेब साधा होता. हॉस्पिटलात न्यायचं, तिथले काय ते सांगतील. ते सांगतातच. पण खोटं हे घरात आणलेल्या मांजराच्या पिल्लासारखं असतं. आणलं की त्याचं सगळं आपल्यालाच करावं लागतं. मुरगळीला एक्स-रे कशाला, असं सासूबाईंनी विचारलं. सूनबाई म्हणाल्या, मुरगळ कुठल्या बाजूची आहे ते कळायला. सलाईन कशाला? मुरगळीत अंगातलं पाणी कमी होतं. छातीला तारा लावून ती पट्टी कशाला काढली? वयाच्या मानानं मुरगळ हृदयापर्यंत जाते का, ते बघतात. हे शेवटचं ऐकून सिस्टरनं वळून पाहिलं होतं. सूनबाईंनी अर्ध्या डॉक्टरला शोभेल अशा गंभीरपणे मान हलवली.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि तोंड उघडलं, तेव्हा तर सूनबाईंनी चक्क त्यांच्या कोपराला धरून त्यांना पडद्याबाहेर नेलं. डॉक्टर सज्जन होते. ते म्हणाले, उद्या सकाळी ऑपरेशन करू, या वयात जितकं लवकर उभं करू तितकं चांगलं, नाहीतर अंथरुणाला खिळतील आणि पुढचं तुम्हाला माहीतच असेल. सूनबाईंना माहीत होतं. त्यांनी विनंती केली, की रुग्णासमोर तो शब्द काढू नका, आम्ही हळूहळू सांगू. डॉक्टर म्हणाले, हळूहळू म्हणजे आज.

त्यात विम्याच्या खिडकीवरचा माणूस उपटला. हातात कागदांची चळत, कानाला पेन. पडद्यांच्या मधोमध उभा राहून त्यानं सगळ्या दालनाला विचारलं, "फ्रॅक्चरवाला पेशंट कुठला?"

सूनबाईंनी क्षणाचाही विचार न करता पलीकडच्या खाटेकडे बोट केलं.

विचार केला असता तर कदाचित केलं नसतं. तो माणूस तिकडे गेला, आणि पोटदुखीवाल्यांना कुठं पडलात, कसे पडलात, दारू घेतली होती का, असं विचारू लागला. पोटदुखीवाले म्हणाले, मी पडलेलो नाही, माझं पोट दुखतंय. तो म्हणाला, इथं हाड लिहिलंय, पोट लिहायचं तर नवीन अर्ज करावा लागेल. बरीच बोलाचाली झाली. शेवटी सूनबाईंनी त्याला व्हरांड्यात गाठून खरं सांगितलं, पण तोवर पोटदुखीवाल्यांची मंजुरी कुठंतरी अडकली होती, आणि त्यांची बायको पुढचा सगळा वेळ पडद्याच्या फटीतून सूनबाईंकडे अशी बघत होती, की वाकून उभं राहणं त्यांना सरळ उभं राहण्यापेक्षा बरं वाटायला लागलं.

हा सगळा प्रकार हसण्यासारखा झाला असता, सासूबाईंना इतकं दुखत नसतं तर. त्या ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. चादरीचा कोपरा दातात धरून पडल्या होत्या. वॉर्डबॉयनं खाट नुसती हलवली तरी त्यांच्या कपाळावर घाम फुटत होता, आणि सूनबाई तो पुसत "आलं हं आई, झालंच आता" असं काहीतरी बोलत होत्या. काय आलं आणि काय झालं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. बारीक चणीच्या, कापलेल्या केसांच्या. मागून सोनोग्राफीचं यंत्र ढकलत आणलेलं. त्यांनी सूनबाईंना सांगितलं, की ऑपरेशन उद्या आहे, तोवर यांना तळमळत ठेवायचं कारण नाही. जांघेपाशी स्नायूवर एक पातळ पापुद्रा असतो, त्याच्या आत औषध सोडलं की खुब्याकडून येणाऱ्या नसा काही तास गप्प बसतात. पूर्वी अंदाजानं टोचायचो, आता यंत्राच्या पडद्यावर सुई दिसते. सारखी गुंगीची इंजेक्शनं देण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसाला हे बरं. डोकं जागेवर राहतं, श्वास नीट राहतो. उद्या ऑपरेशनच्या वेळी कमरेतून भूल देऊ, आणि नंतर दुखू नये म्हणून पुन्हा हेच.

सूनबाईंनी हे सगळं आपल्याला आधीच ठाऊक असल्याच्या चेहऱ्यानं ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी जेल लावून यंत्राचा दांडा मांडीच्या वरच्या बाजूला टेकवला. पडद्यावर करड्या रंगाचा पाऊस पडायला लागला. सूनबाईंना राहवेना. त्यातलं एक काळं, टुकटुक हलणारं वर्तुळ दाखवून त्या म्हणाल्या, "हीच नस ना?"

"ती रक्तवाहिनी," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "सुई तिथंच जाऊ नये म्हणून तर बघतोय."

पडद्यापलीकडून खाकरल्याचा आवाज आला. पोटदुखीवालेच असावेत, किंवा त्यांची बायको.

चांदीच्या तारेसारखी सुई पडद्यावर तिरकी सरकत गेली, एका पापुद्र्याखाली थांबली, आणि औषध काळ्या पाण्यासारखं पसरत गेलं. सासूबाईंनी चादर दातातून सोडली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा वेळ जाऊ द्या. थोडा वेळ गेला. मग आणखी थोडा. आणि सूनबाईंच्या देखत सासूबाईंच्या कपाळावरची आठी सुटली, खांदे उशीवर टेकले, हाताची मूठ उघडली. चादरीच्या कोपऱ्यावर दातांचे वण तसेच होते.

"दुखत नाही," सासूबाई म्हणाल्या. मग पुन्हा, जरा नवलानं, "अजिबातच दुखत नाही."

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. सकाळपासूनची ती पहिली चांगली गोष्ट होती, आणि तिच्यामुळेच सगळं बिघडलं.

कारण सासूबाईंनी फणी मागितली. केस विंचरले. चष्मा मागितला. चष्मा लावून सगळ्यांकडे एकेकदा नीट पाहिलं. आणि म्हणाल्या, "माझी चप्पल कुठाय? चला, घरी जाऊ."

आता बोलायची सोय नव्हती. मुरगळ होती, इंजेक्शन दिलं, दुखायचं थांबलं. मग घरी का जायचं नाही? सूनबाईंनी स्वतः उभारलेली भिंत होती, आणि दार ठेवायचं विसरलं होतं. त्या म्हणाल्या, आजचा दिवस राहू या, देखरेखीला. सासूबाई म्हणाल्या, देखरेख घरी करा. सूनबाई म्हणाल्या, "बरं आई." एरवी 'बरं आई' हे दोन शब्द त्या घरात एकत्र फारसे ऐकू येत नसत. झाडांना पाणी किती घालावं यावरसुद्धा दोघींचं वर्षानुवर्षं जमलेलं नव्हतं. पण आज आजारी माणसाला दुखवायचं नाही असं सूनबाईंनी ठरवलं होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटायला आल्या. यांचं आणि सासूबाईंचं गच्चीतल्या टाकीवरून वाजलेलं, बोलणं बंद. सूनबाईंनी त्यांना बाहेरच खरं काय ते सांगून, आत एक अक्षर बोलायचं नाही अशी शपथ घातली होती. काकूंनी शपथ पाळली. त्या सासूबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जा हो. माझं काही चुकलं असेल तर मनात ठेवू नका." आणि डोळे पुसले. सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग इंजेक्शनचं समजल्यावर काकूंनी डोळे पुसणं थांबवलं, आणि व्हरांड्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना गाठलं, की माझ्या गुडघ्यातही तेवढं एक देऊन टाका, किती वर्षं मलमं चोळतेय. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं, की यानं दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. काकूंना ते काही पटलं नाही. झाकलं गेलं तरी पुष्कळ आहे, असं त्या म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर सूनबाईंना त्यात फारसं चुकीचं काही दिसलं नाही.

नणंदेचा दुसऱ्या गावाहून फोन आला. तिलाही बजावलेलं होतं. तिनं आईला पायाबद्दल काहीच विचारलं नाही. "आई, तू आमच्यासाठी फार केलंस गं," एवढं म्हणून ती रडायलाच लागली. नवरा, जो एरवी आईच्या खोलीत वर्तमानपत्र न्यायला जायचा तेवढाच, तो उशाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होता. मध्येच त्यानं सूनबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मी काय म्हणतो, त्या इंजेक्शननं हाड खरंच सांधलं तर नसेल ना? आजकाल काय काय निघालंय."

सूनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना व्हरांड्यात बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, पण आवाजात पळवाट नव्हती. आजींचं डोकं तुमच्याआमच्याइतकं ठिकाणावर आहे, त्यांचं शरीर आहे, त्यांचा होकार लागेल. औषध संध्याकाळपर्यंत चालेल. त्या तयार नसतील तर मी उद्या भूल देणार नाही. मी सांगू शकते, पण घरच्यांनी सांगितलं तर बरं पडतं.

मग एक फार लाजिरवाणा खो-खो सुरू झाला. नवरा म्हणाला, तू सांग, तुला शास्त्र कळतं. सूनबाई म्हणाल्या, आई तुमची आहे. नवरा आत गेला, आणि आईला पंखा हवा का विचारून बाहेर आला. मग सूनबाई गेल्या. "आई, तुमच्या पायाचं असं आहे," इथवर आल्या, सासूबाईंनी चष्म्यातून रोखून पाहिलं, आणि सूनबाईंच्या तोंडून वाक्य निघालं ते असं, की पायाला जरा मोजे घालू या का, गार लागत असेल. सासूबाई म्हणाल्या, घाला. सूनबाईंनी त्या बधिर पायात मोजा चढवला, अगदी अलगद, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकल्या. अर्धी डॉक्टर. पूर्ण असती तर एव्हाना सांगून मोकळी झाली असती. अजिबात नसती तरी झाली असती.

त्या भिंतीलाच टेकलेल्या होत्या, तेव्हा पोटदुखीवाल्यांची बायको आतून म्हणाली, "अहो, तुमच्या आजी उठतायत."

सूनबाई धावल्या. सासूबाईंनी कठडा खाली केला होता. कोपरावर भार देऊन त्या बसत्या झाल्या होत्या, चांगला पाय खाटेवरून लोंबत होता, आणि दुसरा पाय, जो त्यांना दुखत नव्हता आणि त्यांचं ऐकतही नव्हता, त्याला त्या दोन्ही हातांनी उचलून कडेला आणत होत्या. मोज्यासकट.

सूनबाईंनी काही विचार केला नाही. त्या सरळ खाटेवर चढून आडव्या पडल्या, सासूबाईंच्या दोन्ही मांड्यांवरून दोन्ही हात टाकून, पलीकडचा कठडा घट्ट पकडून. चप्पल पायातून निसटून पोटदुखीवाल्यांच्या खाटेखाली गेली. सिस्टर धावत आली. नवरा दारात उभा. या वयात, या अंगानं, अशा अवस्थेत लोकांसमोर पडून राहणं सूनबाईंच्या मानाला साजेसं नव्हतं, पण मान आता कुठं राहिला होता.

"सोड मला," सासूबाई म्हणाल्या. "काय चाललंय हे?"

"पाय मोडलाय," सूनबाई गादीत तोंड खुपसून म्हणाल्या. मग मान वर करून, सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात, "आई, तुमचा पाय मोडलाय. मुरगळ नाही, कधीच नव्हती. खुबा मोडलाय, बाबांचा मोडला होता तोच. दुखत नाहीये ते औषधानं, बरं झालं म्हणून नाही. उद्या ऑपरेशन करायचंय आणि तुम्ही हो म्हणायला हवंय. सकाळपासून मी लपवतेय. आता हलू नका, नाहीतर मी अशीच पडून राहीन."

पोटदुखीवाल्यांनी पडदाच सरकवला होता, आणि ते कण्हायचे विसरले होते.

"मोडलाय," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"नुसता पाय?"

"आणखी काय मोडायला हवंय?" सूनबाईंच्या तोंडून गेलं. सकाळपासूनचं ते पहिलं तिरकं उत्तर होतं.

सासूबाई हळूहळू उशीवर टेकल्या. सिस्टरनं पाय जागेवर ठेवला, सूनबाईंना खाटेवरून उतरवलं. नवरा पुढं होऊन आईच्या कपाळावर हात ठेवायला गेला. तिनं तो झिडकारला.

"मग करा की ऑपरेशन," त्या म्हणाल्या. "त्यात एवढं काय? ते एक्स-रे वाले माझ्यासमोर कुजबुजतायत, तेव्हाच म्हटलं मुरगळीला एवढी माणसं कशाला."

सूनबाई एका पायात चप्पल घालून उभ्या होत्या. त्यांना आता रागच आला. "मग मघापासून घरी चला, घरी चला, काय लावलं होतं?"

सासूबाईंनी चष्मा काढला, चादरीच्या त्याच चावलेल्या कोपऱ्यानं पुसायला लागल्या.

"तू सकाळपासून माझ्याशी एकदाही भांडली नाहीस," त्या म्हणाल्या. "ती वरची येऊन पाया पडल्यासारखं बोलून गेली. पोरगी फोनवर रडली. हा कपाळावरून हात फिरवतोय. आणि एवढं दुखत होतं ते एका सुईनं एकदम थांबलं. यांच्या वेळी शेवटी शेवटी आपण सगळे असंच गोड बोलत होतो, आठवतंय ना? मला वाटलं, मी मरतेय, आणि तुम्ही कोणी सांगत नाही आहात. म्हटलं, मरायचंच असेल तर घरी जाऊन मरू."